कोकणातलं आपलं जुनं कबरस्तान शोधायचं आणि सावरायचं असेल तर

आडनाव किहीमकर असेल तर किहीम, पेणकर असेल तर पेण, रोहेकर म्हणजे रोहा, नवगावकर म्हणजे नवगाव. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरातल्या माणसाला मूळ गाव शोधायला डीएनए टेस्टबिस्ट काही लागत नाही, आडनावातला 'कर' काढला की गाव हातात. असं मला पण वाटायचं. प्रत्यक्षात गाव सापडणं हे पाच मिनिटांचं काम निघालं आणि त्या गावात आपली माणसं नेमकी कुठे पुरलीयत ते सापडायला दोन हिवाळे गेले. आणि सापडल्यावर नीट करायच्या नादात आम्ही एक दगड कायमचा खराब केला, ते पुढे सांगते.

मी ठाण्याची. माझा चुलतभाऊ इस्रायलमधल्या अश्दोदचा, काका साठच्या दशकात गेले आणि हा तिकडेच जन्मला, मराठी समजतं, बोलताना क्रियापदं गिळतो. दोघांनी मिळून हे केलं. गावाचं नाव लिहीत नाही कारण लिहिलं की आडनाव कळेल आणि मग आत्याचा फोन येईल. पण रायगड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाला हे थोड्याफार फरकाने लागू पडेल, म्हणून लिहितेय. दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतं, आम्ही डिसेंबरमध्ये येतोय, आजोबांची कबर कशी शोधायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आपल्या लोकांची गोष्ट नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटण्यापासून सुरू होते, सात बाया आणि सात पुरुष वाचले, बाकीच्यांना तिथेच पुरलं, ही परंपरा. मग कोकणात गावोगाव तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव म्हणायला लागलं शनवार तेली. पुढे मुंबई, पलटणीतल्या नोकऱ्या, रेल्वे, पोस्ट, आणि १९४८ नंतर हळूहळू बहुतेकजण इस्रायलला. गावात घरं विकली गेली. कबरी विकता येत नाहीत, त्या राहिल्या.

घरातून सुरुवात करा, विमानाचं तिकीट नंतर

म्हाताऱ्या माणसांना "आपला इतिहास सांगा" असं विचारलंत तर ते जहाज फुटल्याची गोष्ट सांगतील, जी तुम्हाला माहितीय. त्याऐवजी बारीक प्रश्न विचारा. पाणी कुठल्या विहिरीचं? शेजारी कोण राहायचं? मयत झाल्यावर घरातून कुठल्या बाजूला न्यायचे, वाटेत ओढा लागायचा का? आमच्या आत्याला आपल्या आजीचं नाव आठवेना पण "वाटेत चिंच होती आणि तिथे खांदा बदलायचे" हे तिला पक्कं आठवत होतं, आणि शेवटी त्या चिंचेवरूनच जागा सापडली. चिंच नाहीये आता, पण गावातल्या एका आजोबांना ती कुठे होती ते माहीत होतं.

मग कागद. कतुबा म्हणजे लग्नाचा करार असेल तर त्यात वडिलांचं नाव मिळतं. जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकांची पहिली आणि शेवटची कोरी पानं बघा, जन्म-मृत्यू तिथेच लिहायची पद्धत होती. फोटोंच्या मागची बाजू बघा. कोणासाठी कुठल्या दिवशी हश्काबा, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हणतात ते विचारा, त्यातून हिब्रू तारीख मिळते आणि ती तारीख दगडाशी जुळवायला फार उपयोगी पडते.

नावांचा घोळ इथेच सोडवून ठेवा. आपल्या पूर्वजांची रोजची नावं मराठी वळणाची होती. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, अब्राहामचा आबाजी, बेंजामिनचा बेनाजी, मोशेचा मुसाजी, दावीदचा दाऊदजी. मुंबईचं पहिलं सिनेगॉग, शार हारहमीम, म्हणजे आपली 'जुनी मशीद', १७९६ ला ज्यांनी बांधलं ते सॅम्युएल इझिकिएल दिवेकर आणि सामाजी हसाजी दिवेकर ही एकच व्यक्ती. हे डोक्यात नसेल तर तुम्ही सातबाऱ्यावर शमुवेल शोधत बसाल आणि तो तिथे सामाजी म्हणून निवांत बसलेला असेल. शिवाय आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव, त्यामुळे एकच नाव-बापाचं-नाव जोडी एक पिढी सोडून परत येते. आम्ही पणजोबा समजून ज्यांचा दगड धुतला ते पणजोबांचे आजोबा निघाले. चालतं, तेही आपलेच.

कागदपत्रं, आणि तलाठ्याकडे जाताना

महाभूलेखच्या साइटवर सातबारा बघता येतो, डिजिटल सहीचा १५ रुपयात मिळतो. पण घाई करू नका, आधी गावाचा नकाशा बघा, महाभूनकाशावर मिळतो. दफनभूमी बहुतेक वेळा तीनपैकी एका प्रकारे असते: सरकारच्या नावावर आणि 'इतर हक्क' मध्ये दफनभूमी अशी नोंद, किंवा एखाद्या ट्रस्टच्या नावावर, किंवा कुठेच नोंद नाही आणि कोणाच्या तरी शेताच्या कडेला पोटखराब (लागवडीला न येणारी) म्हणून दाखवलेली. तिसरा प्रकार निघाला तर जुने फेरफार काढावे लागतात आणि जुना सर्व्हे नंबर आताच्या गट नंबरशी जुळवावा लागतो. ते काम स्वतः करत बसू नका. तालुक्याच्या ठिकाणी निवृत्त तलाठी किंवा सर्कल असतात जे हे काम मोबदला घेऊन करून देतात, आमचं काम अशाच एकांनी पंधरवड्यात केलं. (तलाठ्याला आता अधिकृत नाव ग्राम महसूल अधिकारी आहे. गावात जाऊन हे नाव घेतलंत तर लोक तुमच्याकडे बघत बसतील.)

जुना कागद शोधताना जिल्ह्याचं नाव कुलाबा म्हणून शोधा, रायगड हे नाव १९८१ पासूनचं. आणि तुमचं गाव मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन या बाजूचं असेल तर ते १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होतं, म्हणजे ब्रिटिश मुलखाच्या दप्तरात ते मिळणारच नाही, वेगळं विचारावं लागतं. १८८३ चं कुलाबा आणि जंजिऱ्याचं गॅझेटियर इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं, त्यात बेने इस्रायलांवर मजकूर आहे, नावं मिळणार नाहीत पण गावागावातलं जगणं कळतं. आजोबा-पणजोबा पलटणीत असतील तर मुंबईचं पुराभिलेखागार आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर, हे दोन रस्ते आहेत, पण ते वर्षभराचं प्रकरण, ट्रिपच्या आधी नाही जमणार.

कधी जायचं, कसं जायचं

दिवाळी झाल्यावर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कोकण सुंदर दिसतं पण कबरस्तान दिसतच नाही, गवत छातीपर्यंत असतं आणि गेटवे ते मांडवा लाँच पण बंद असतात. नोव्हेंबरपर्यंत भात कापून झालेला असतो त्यामुळे शेतातून सरळ चालत जाता येतं. मार्चनंतर ऊन असं लागतं की दोन तासांत माणूस संपतो. गाडी आणि सामान न्यायचं असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे, २०२० पासून सुरू झाली, गाडी बोटीत घालायची आणि तासाभरात पलीकडे, वडखळचा ट्रॅफिक वाचतो. मुक्काम अलिबागला करा.

दिवस मोजताना शनिवार बाद करा, शुक्रवार दुपारनंतरचं पण बाद करा. शब्बाथला कबरस्तानात जायचंच नाही. सणांचे दिवस पण बघून घ्या. म्हणजे आठवड्यात कामाचे साडेपाच दिवस, आणि त्यातला एक सरकारी ऑफिसात जाणार हे धरून चाला.

पहिला दिवस कामाला लावू नका. इस्रायल आळीतल्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये जा, तिथल्या लोकांशी बोला, कुठल्या गावात अजून एखादं घर आहे ते त्यांना माहीत असतं. मग नवगावला जाऊन या. पहिल्या लोकांच्या कबरी म्हणून जपलेले ते दोन उंचवटे आणि स्मारक बघा, नीट राखलेली जागा कशी दिसते ते डोळ्यासमोर राहतं. परत येताना सागाव-खंडाळ्याकडे एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताचा, खडक आहे, रथाच्या चाकांच्या खुणा म्हणतात तो, भाऊ तिथे अर्धा तास गप्प बसला होता. मी नारळपाणी शोधत होते.

गावात कोणाला विचारायचं

आमची पहिली मोठी चूक. आम्ही रिक्षावाल्याला म्हटलं, कबरस्तान कुठेय, त्याने नेऊन सोडलं मुसलमानांच्या कबरस्तानात. आम्ही तासभर तिथे हिब्रू अक्षरं शोधतोय. शेवटी तिथल्या एका चाचांनी विचारलं तुम्हाला काय पाहिजे, आणि सांगितल्यावर हसले, म्हणाले तुमचं पलीकडे, तेल्यांचं. गावात 'ज्यू सिमेट्री' कोणाला कळत नाही. 'शनवार तेल्यांची जागा' विचारा, 'इस्रायली लोकांचं' विचारा, कुठे 'यहुद्यांचं' म्हणतात. आणि विचारायचं ते म्हाताऱ्या माणसांना, पारावर किंवा मासळी बाजारात.

पहिल्या भेटीला कोयता, फावडं, कॅमेऱ्याची मोठी बॅग काही नेऊ नका. परदेशातून माणूस आला, जमिनीची चौकशी करतोय, हे रायगडमध्ये ऐकलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, तिथे जमिनीचे काय व्यवहार झालेत ते सगळ्यांना माहितीय. म्हणून पहिलं वाक्य हेच की आम्हाला जमीन नको, आमच्या माणसांच्या कबरी साफ करायच्यात. हे सरपंचांना सांगा, ग्रामसेवकाला सांगा, शेजारच्या शेतवाल्याला तर सगळ्यात आधी सांगा. आम्ही सोबत आजोबांचा एक फोटो नेला होता, घरासमोर उभे असलेले. तो फोटो बघून एक आजी म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही त्या घाण्याच्या घरातले. तुमच्या आजीने माझ्या आईला बाळंतपणात तेल दिलेलं." त्यानंतर आम्हाला कुठलाच दाखला मागितला नाही कोणी. सातबाऱ्याने जे होत नाही ते एका फोटोने होतं.

ग्रामपंचायतीला एक साधं पत्र द्या, मराठीत, आणि पोच घ्या. कोण आहात, काय करणार, काय करणार नाही. त्यात लिहा की खोदकाम करणार नाही, पक्कं बांधकाम परवानगीशिवाय करणार नाही. ट्रस्टची जागा असेल तर ट्रस्टींचं लेखी घ्या. झाडं तोडायचा विषय असेल तर थांबा, आंबा, फणस, साग, खैर, चिंच यांना परवानगी लागते, आणि खरं सांगायचं तर मोठं झाड तोडायची गरज पडतच नाही. गाव समुद्राला लागून असेल तर भिंत घालायच्या आधी सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामाच्या नियमांचं, विचारून घ्या. आणि बाहेरून येणाऱ्यांनो, ड्रोन आणू नका, विमानतळावरच अडकेल.

आत पाऊल टाकल्यावर

गमबूट. हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे या लेखातलं. फुरसं हा साप रंगाने हुबेहूब वाळक्या पाचोळ्यासारखा असतो आणि उन्हाला दगडाच्या कडेला बसतो, घोणस पण असते. हात कुठेही घालायच्या आधी काठीने आपटायचं. जवळच्या कुठल्या दवाखान्यात सापाची लस आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, उगाच नाही सांगत.

पहिल्या दिवशी फक्त बघायचं आणि नोंदवायचं. लाकडी खुंट्यांवर नंबर लिहा आणि प्रत्येक दगडाशेजारी जमिनीत रोवा, दगडावर काही लिहू नका, खडूने पण नाही. साधा नकाशा काढा, दोरी आणि टेप पुरे, जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतं त्यामुळे त्याच्यावर एकट्यावर राहू नका. रांगांना अ, ब, क दिलं आम्ही. प्रत्येक दगडाचे फोटो: पूर्ण, अक्षरांचा जवळून, आणि मागून. अक्षरं दिसत नसतील तर सकाळी सातला या, ऊन तिरपं असतं तेव्हा झिजलेली अक्षरं पण उठून दिसतात. दुपारी आलात तर तोच दगड कोरा वाटेल. आरसा धरून बाजूने उजेड पाडता येतो, किंवा संध्याकाळी अंधार पडताना टॉर्च अगदी दगडाला चिकटवून बाजूने मारायची. दगड नुसत्या पाण्याने ओला केला तरी बरंच दिसतं. पीठ, खडूची पूड, कोळसा, शेव्हिंग फोम असलं काही चोळू नका, ते दगडाच्या छिद्रांत बसतं.

सगळ्यात जुने दगड कोरेच असतील. जांभ्याचा ओटा किंवा काळ्या दगडाचा नुसता खांड, अक्षर एक नाही. मग मराठी आणि हिब्रू, आणि विसाव्या शतकातले संगमरवराचे, त्यावर इंग्रजी पण. हिब्रू येत नसेल तरी एवढं ओळखता येतं: वर दोन अक्षरं पे आणि नून, म्हणजे 'इथे पुरलेले आहे', आणि खाली पाच अक्षरांचा गट ताव, नून, त्साडी, बेत, हे, म्हणजे आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो अशी प्रार्थना. ही दिसली की दगड आपला.

तारखा वाचायची मजा मला सगळ्यात आवडली. हिब्रू वर्ष अक्षरांत असतं आणि पाच हजार गाळलेले असतात. ताव म्हणजे ४००, रेश २००, पे ८०, हे ५, बेरीज ६८५. त्यात १२४० मिळवा, १९२५. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरला, आपल्या नव्याच्या सणाला सुरू होतं, त्यामुळे महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल (आणि बहुतेकदा तेवेतच्या सुरुवातीचे दिवस असतील) तर एक वर्ष कमी, म्हणजे १९२४. शके असेल तर ७८ मिळवायचे, शके १८३० म्हणजे १९०८, आणि जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९. आता गंमत बघा, हिब्रू महिना पण अमावास्येनंतर सुरू होतो आणि आपला मराठी महिना पण. म्हणजे दगडावर मराठीत पौर्णिमा लिहिलंय आणि हिब्रूत १४-१५ तारीख आहे तर बरोबर वाचलंय, आणि हिब्रूत ३ वाचलंत तर नक्की काहीतरी चुकलं. एका अक्षराची झीज झाली असेल तर या जुळणीने ते भरून काढता येतं. पुरीमला आपल्या आज्या होळीचा सण म्हणायच्या ते काय उगाच नाही, पौर्णिमा दोघांचीही.

साफसफाई, आणि आमचा गाढवपणा

आधी झाडोरा. घाणेरी आणि रानमोडी कोयत्याने बुंध्याशी कापायची, उपटायची नाही, मुळं कबरीत गेलेली असतात, उपटली की ओटा सुटतो. पिंपळ किंवा उंबर फटीत आला असेल तर तो तर अजिबात ओढू नका. कापा, फूट आली की परत कापा, दोन-तीन वर्षांत दमतो. आग लावून गवत जाळायचा सल्ला गावात हमखास मिळतो, हात जोडून नाही म्हणा, तापून दगड तडकतो. आम्ही गावातलीच चार माणसं रोजावर घेतली, त्यांना कोयता कसा चालवायचा ते आपण शिकवायचं नाही, फक्त दगडाला लागू नये एवढं सांगायचं.

मग दगड. पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश, आणि अक्षरांतली माती काढायला बांबूची काडी किंवा जुना टूथब्रश. शेवाळ असेल तर ओलं करून ठेवा, थांबा, हळू घासा, परत पाणी. बस. तारेचा ब्रश नाही, प्रेशरचा पंप नाही, ब्लीच नाही, ॲसिड नाही. आता ॲसिडचं. पहिल्या वर्षी एका संगमरवरी पाटीवर काळे डाग होते, मी अलिबागहून टॉयलेट साफ करायचं लिक्विड आणलं, ओतलं, फेस आला, मस्त पांढरं झालं. संध्याकाळी बघते तर पॉलिश गेलेली, हात फिरवला तर साखरेसारखं खरखरीत, आणि खालच्या ओळीतली हिब्रू अक्षरं जवळजवळ पुसलेली. संगमरवर म्हणजे चुनखडीच, ॲसिड त्याला खातं, शाळेत शिकलेलो आपण हे. ती पाटी आजोबांच्या बहिणीची. फोटो आधी काढला होता म्हणून अक्षरं कागदावर तरी आहेत. म्हणूनच सांगते, नोंद आधी आणि पाणी नंतर.

दुसरा शत्रू सिमेंट. कंत्राटदाराला बोलावलंत तर तो प्रत्येक ओट्याला सिमेंटचा गिलावा, वर टाइल्स आणि सोनेरी रंगाने अक्षरं, असं कोटेशन देईल. नको. सिमेंट जांभ्यापेक्षा कडक, पाणी आत कोंडतं, दोन-चार पावसाळ्यांत सिमेंट तसंच राहतं आणि भोवतीचा जांभा भुगा होतो. फटी भरायच्या तर चुन्याने. चुन्यात काम करणारा गवंडी शोधायला वेळ लागतो, देवळाच्या किंवा जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचं काम कोणी केलंय ते विचारा. चुना सावकाश घट्ट होतो, त्यावर ओलं गोणपाट टाकून काही दिवस सांभाळावं लागतं, म्हणून हे काम ट्रिपच्या सुरुवातीला काढा, शेवटच्या दिवशी नाही. आणि अक्षरांत ऑइलपेंट भरायचा असेल तर आधी तिघांनी वेगवेगळं वाचून जुळवा. चुकीचं वाचून रंगवलेलं नाव पुढची पन्नास वर्षं खरं होऊन बसतं.

कललेला दगड तसाच राहू द्या, पडायला आला नसेल तर. पडलेला दगड उचलायच्या आधी जाणकार हाजानला (सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्याला) विचारा, कारण खोल खणायचं नाही हा नियम पक्का, मृताला हलवायचं नाही. दगडाचा मूळ खड्डा असेल तेवढाच साफ करायचा. चुकून हाड लागलं तर काम थांबवा, माती ओढा, आणि ठाण्यातल्या किंवा अलिबागच्या समाजाला फोन करा. तुटलेले तुकडे एकत्र त्याच कबरीवर ठेवा, कोपऱ्यात ढीग करू नका, एकदा ढीग झाला की कोण कोणाचं ते गेलंच.

भिंतीबद्दल माझं मत वेगळं आहे. सगळ्यांना आधी भिंत आणि मोठी कमान पाहिजे असते, देणगीदारांच्या नावाची. आमच्या जागेतून एक पायवाट जाते, समोरच्या पाड्यावरची मुलं शाळेला तिथूनच जातात. भाऊ म्हणाला बंद करू. मी म्हटलं ही वाट बंद केलीस तर वर्षात एक माणूस पण इथे फिरकणार नाही आणि मग दगड कोणी नेले ते पण कळणार नाही. शेवटी वाट ठेवली, दोन्ही बाजूंना कबरींच्या कडेने गडग्याचे दगड लावले, गुरं आत येऊ नयेत म्हणून साधं लोखंडी फाटक. मुलंच आता सांगतात फाटक उघडं होतं म्हणून. जागेच्या हद्दीवरून कोणाशी वाजलंच तर भांडत बसू नका, सरकारी मोजणीचा अर्ज करा. महाराष्ट्रात ज्यू समाजाला २०१६ पासून अल्पसंख्याक दर्जा आहे, तो पत्रात लिहायला उपयोगी पडतो, भांडणात नाही.

पैशाचं

हे नीट वाचा कारण इथे चांगले लोक अडकतात. इस्रायलचा पासपोर्ट असलेला माणूस, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) असलं तरी, इथल्या ट्रस्टला पैसे देत असेल तर ते परदेशी देणगी धरलं जातं, आणि ट्रस्टकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ट्रस्ट ते घेऊच शकत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गणी काढून एखाद्या ट्रस्टीच्या खात्यात टाकायची, असलं काही करू नका. आम्ही ट्रस्टच्या वाटेला गेलोच नाही, घरातल्या घरात खर्च केला, गवंड्याला आणि मजुरांना थेट दिले, पावत्या ठेवल्या. मोठं काम असेल तर सीएला आधी भेटा, नंतर नाही.

आणि सगळा पैसा पहिल्या वर्षी संपवू नका! कबरस्तान एकदा दुरुस्त करून मोकळं होता येत नाही, दर पावसाळ्यात गवत परत छातीपर्यंत येतंच. आमच्या बजेटचा निम्मा भाग आम्ही बाजूला काढलाय, शेजारच्या शेतवाल्या दादांना वर्षातून दोनदा कापणीसाठी, एकदा पाऊस संपल्यावर आणि एकदा मे महिन्यात. ते फोटो पाठवतात, आम्ही पैसे पाठवतो. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण पण अश्दोदला गेलं.

शेवटच्या दिवशी

कद्दीश, म्हणजे मृतांसाठी म्हणतात ती प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात आणि गावात ते मिळणार नाहीत, त्यामुळे अलिबाग, ठाणे, पनवेलहून लोक येतील असा वार आधीच ठरवा, रविवार बरा. सोबत आलेल्यांत कोणी कोहेन (पुरोहितांच्या वंशातला) असेल तर तो आत येणार नाही, इस्रायलहून येणाऱ्या कुटुंबात जावई वगैरे असतात तसे, तो फाटकाबाहेर उभा राहील, वाईट वाटून घेऊ नका. आत खायचं-प्यायचं नाही. फुलांऐवजी छोटा दगड ठेवायचा. बाहेर पडताना हात धुवायचे, आणि तिथे नळ नसतो, त्यामुळे पाण्याचा कॅन आणि तांब्या फाटकाबाहेर आधीच नेऊन ठेवा, आम्ही विसरलो आणि वीस जण ओढ्यावर गेलो.

मलिदा, म्हणजे आपला आभाराचा प्रसाद, गावातच करा, कोणाच्या तरी ओटीवर. पोहे, गूळ किंवा साखर, खोबरं, सुका मेवा, पाच फळं. पोहे दुप्पट आणा कारण अख्खा पाडा येतो. त्या तेलवाल्या आजी आल्या होत्या, एक वाटी खाऊन दुसरी घरी घेऊन गेल्या.

त्या दिवशी भावाने एक गोष्ट काढली. क रांगेत शेवटाला एक काळा दगड आहे, कोरा, जरा बाजूला. त्याच्या मनात बसलंय की ते आपले मूळ सामाजी, जे गावात पहिले आले, कारण काकांनी त्याला लहानपणी सांगितलेलं की "ते कडेला आहेत". तो म्हणाला छोटी पाटी लावू, मी पैसे देतो. बाकीचे पण म्हणाले लावू या की, काय बिघडतंय. मी वहीतून दाखवलं, क रांगेला दोन्ही टोकं आहेत आणि दोन्ही टोकांना कोरे दगड आहेत, अ रांगेलाही कड आहे. बराच वेळ वाद झाला, थोडा मराठीत थोडा हिब्रूत, मला त्यातलं अर्धंच कळलं. शेवटी त्याने खिशातून एक दगड काढला, अश्दोदच्या समुद्रावरून आणलेला, आणि म्हणाला मग सांग कुठे ठेवू. त्याच्याकडे एकच होता. मी गावातून अजून दोन खडे उचलून दिले आणि तिन्ही ठिकाणी एकेक ठेवला. यादीत ते तिन्ही अजून 'नाव नाही' असेच आहेत.